पाठीवरची काव

देशमुखाच्या पोरानं कावेच्या पातेल्यात हात बुडवला आणि माझ्या पाठीवर मारला. ओला, थंडगार हात. पाचही बोटं उठली असणार, कारण शाळेचं सगळं अंगण हसलं.

"ह्ये बी धरा की जेवणात," तो म्हणाला.

पोरं हसली. पातेलं धरून उभा असलेला देशमुखाचा आचारी हसला. थोरले मास्तर उपरणं तोंडाला लावून हसले. मी मागं वळून बघितलं. भिंतीला लागून माझा बाप, आबा, उभा होता. तोच जेवणासाठी कोकरू घेऊन आला होता. त्याचे हात जोडलेले होते आणि तोही हसत होता.

देशमुखाच्या पोराचा हात मला एवढा लागला नाही. आबाचं हसू लागलं. आज माझे केस पिकले, पण ते हसू अजून तसंच आठवतं. दात दिसत होते आणि डोळे जमिनीकडं होते.

काव म्हणजे लाल माती. पाण्यात कालवून बायका तुळशीच्या कट्ट्याला लावतात. आमच्या धनगराच्या घरात तिचा उपयोग वेगळा. खाटीक येतो, कळपात फिरतो, जनावराची पाठ चाचपतो. पसंत पडलं की पाठीवर कावेचा हात मारतो. मग ते जनावर आमचं राहत नाही. चार दिवस आमच्यात चरेल, पण ते गेलेलं असतं. आणि आमच्यात एक रीत आहे. काव लागलेलं जनावर पुन्हा कळपात घ्यायचं नाही. सौदा मोडला तरी नाही, खाटीक मेला तरी नाही. घेतलं तर रोग शिरतो म्हणतात.

एकदा चौसाळ्याकडचा एक खाटीक काव लावून गेला आणि परत आलाच नाही. तो मेंढा कळपामागं फिरायचा, ओरडायचा. आबा त्याला दगड मारून हाकलायचा. वाघरीजवळ आला की काठी. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. शेवटी त्या मेंढ्याला लांडग्यानं नेलं. रीत ती रीत.

म्हणून तो हात पाठीवर पडला तेव्हा काय झालं ते अंगणातल्या सगळ्यांना नसेल कळलं. मला कळलं. आबालाही कळलं होतं. तरी तो हसला.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली. आमची वस्ती युसूफ वडगावच्या पलीकडं, माळावर. शाळा होती तिथून कोसभरावरच्या एका मोठ्या गावात. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. देशमुखाच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर ती शाळा बांधलेली होती आणि देशमुख हे कुणाला विसरू देत नसे. शाळा वस्तानी, म्हणजे वरचे वर्ग. शिकवणं उर्दूतून. धनगराचा पोरगा वस्तानीत बसला म्हणून आमच्या वस्तीत लोक मला बघायला यायचे. माय त्यांना पाणी द्यायची आणि मी दिसेपर्यंत बसवून ठेवायची.

मी काही वर्गात पहिला नव्हतो. हिशेबात कच्चाच होतो. पण उर्दू मला पटकन आली. बारक्या पोरांना ती कळायची नाही. मास्तर बोलायचे आणि पोरं मातीच्या बैलासारखी बसायची. मधल्या सुट्टीत मी त्यांना तेच आपल्या बोलीत सांगायचो. सांगता सांगता एखाद्या पोराला अचानक कळायचं. तेव्हा त्याचं तोंड बदलायचं. कपाळावरच्या आठ्या जायच्या, ओठ थोडे उघडायचे. ते बघायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, भाकरीपेक्षा आवडायचं.

शाळा तपासायला मोहतमिमसाहेब येणार असं कळलं. मोठे अधिकारी. त्यांची एक सवय होती म्हणे. प्रत्येक शाळेत वरच्या वर्गातल्या पोरांना उभं करून विचारायचे, मोठेपणी काय होणार आणि कशासाठी. थोरले मास्तर वर्गात आले आणि म्हणाले, "आपण कशासाठी जन्मलो हे ज्याला त्याला कळलं पाहिजे. सांगा एकेक."

मला वाटलं, खरंच विचारतायत.

देशमुखाचा पोरगा म्हणाला, तहसीलदार. वयानं तो माझ्याहून लहान. आबा त्याला धाकले मालक म्हणायचा आणि मलाही म्हणायला लावायचा. वाण्याचा पोरगा म्हणाला, दुकान. कुळकर्ण्याचा म्हणाला, वकील. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मास्तर."

थोरले मास्तर माझ्याजवळ आले.

"कुठं बसणार तू? ह्या खुर्चीवर?"

मी खुर्चीकडं बघितलं.

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नये रे," ते म्हणाले. आवाज गोड होता. "पायीची वहाण पायीच बरी. तू कशासाठी जन्मलास ते मी सांगतो."

त्यांनी मला एक वाक्य दिलं. उर्दूतलं. हुजूर, मैं भेडें चराऊंगा और देशमुखसाब को दुआ दूंगा. हे माझं उत्तर. रोज प्रार्थना झाली की मी उभं राहून ते म्हणायचं. मी म्हटलं की सगळ्या वर्गानं मेंढरासारखं ओरडायचं, म्हणजे सरावात मजा येते. थोरल्या मास्तरांनीच ते सुचवलं. पहिल्या दिवशी पोरं लाजली. दुसऱ्या दिवशी लाजली नाहीत. ज्या बारक्या पोरांना मी मधल्या सुट्टीत शिकवायचो, तीही बाहेर मला बघून ब्यां करायला लागली.

मी घरी सांगितलं. आबा चिलीम ओढत होता.

"मंग काय वाईट हाय त्यात?" तो म्हणाला. "मेंढरंच राखणार हायस की."

"मला मास्तर व्हायचंय, आबा."

"त्येंच्या कुरणात आपली मेंढरं चरतेत. उन्हाळ्यात त्येंच्याच रानात बसतेत. तू मास्तर हो नायतर तहसीलदार हो, मेंढरं काय माती खातेल?"

बळी तो कान पिळी. आबाला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या हाडातच होतं. त्या रात्री मला त्याची चीड आली. पण बोलायची छाती नव्हती.

मग देशमुखालाच नवी कल्पना सुचली. नुसतं वाक्य नको, पोरगा मेंढक्याच्या वेशातच दाखवा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बगलेत कोकरू. साहेबाला दिसू दे, आपल्या शाळेत कुणाकुणाला बसवलंय आणि कोण आपली पायरी कशी ओळखून आहे. आणि मग तेच कोकरू साहेबाच्या जेवणाला. एका कामात दोन कामं. आबाला निरोप गेला, कोकरू घेऊन ये. आबा घेऊन आला. चांगलं, अंगानं भरलेलं आणलं.

त्या कोकराबद्दल मी रडगाणं गाणार नाही. धनगराच्या घरी कोकरू कापायलाच वाढतं. आचाऱ्यानं त्याच्या पाठीवर कावेचा हात मारला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. त्यानंतरचा हात माझ्या पाठीवर पडला.

सदरा मांजरपाटाचा होता. नवा. साहेब येणार म्हणून मायनं वडगावच्या बाजारातून कापड आणून शिवून घेतला होता. मी पाठीकडं हात नेला तर बोटांना लाल लागलं. थोरले मास्तर हसायचे थांबले आणि म्हणाले, "घोंगडी वर घाल. दिसणार न्हाई."

एवढंच. घोंगडी वर घाल.

मी घोंगडी घेतली. कोकरू बगलेत धरलं. ओळीत उभा राहिलो. माझ्या पाठीवरची काव वाळायला लागली, तशी कातडी ओढल्यासारखी झाली. कोकराच्या पाठीवरचीही वाळत होती. आम्ही दोघं एकाच पातेल्यातल्या कावेनं पसंत केलेले. मी तेव्हा तिथं उभं राहून एकच विचार करत होतो. ह्या कोकराला बोलता येत नाही. मला येतं. उर्दूतसुद्धा येतं.

मोहतमिमसाहेब आले. उंच, चष्मेवाले, दमलेले. देशमुख त्यांच्या उजव्या हाताला, थोरले मास्तर मागं. एकेका पोरासमोर थांबायचे. "बेटा, बडे होकर क्या बनोगे?" पोरं पढवलेलं बोलायची. साहेब मान हलवायचे. माझ्यापाशी आले आणि कोकरू बघून हसले.

"और तुम?"

थोरले मास्तर मागून माझ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. माझं वाक्य ते माझ्याआधी म्हणत होते.

मी कोकरू खाली ठेवलं.

"हुजूर, मुदर्रिस बनूंगा."

मुदर्रिस म्हणजे मास्तर. साहेबांनी चष्मा वर केला. "किस लिए?"

हे मला कुणी पढवलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. "बच्चे को समझ में आता है तो उसका मुंह बदलता है. वो देखना अच्छा लगता है."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग "शाबाश" म्हणाले. देशमुखाचा चेहरा उतरला. एवढ्यावर मी थांबलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे. पण माझ्या पाठीची आग होत होती. मी घोंगडी काढली, खाली टाकली आणि साहेबांकडं पाठ केली.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"कटनेवाले जानवर का निशान है, हुजूर. मुझे लगाया है."

कोकरू ओरडलं तेवढंच. मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणालातरी जाब विचारला जाईल. बारा-तेरा वर्षांच्या पोराला वाटतं तसं.

देशमुख हसला. "पोरं हायेत साहेब. खेळतेत."

साहेबही हसले. "हां, बच्चे हैं," म्हणाले आणि पुढच्या पोराकडं गेले. दुपारी त्यांनी ते कोकरू खाल्लं. जेवण फार आवडलं असं आचारी गावभर सांगत फिरला.

साहेबांची गाडी गेल्यावर थोरल्या मास्तरांनी मला अंगणातच मारलं. ओल्या निरगुडीच्या फोकानं. हातावर नाही, पाठीवर. बरोबर त्या पंज्यावर. मोजून नाही मारलं, दमेपर्यंत मारलं. देशमुखाचा पोरगा पायरीवर बसून बघत होता. मग माझं नाव कमी केलं आणि वर सांगितलं की पुन्हा शाळेत यायचं असेल तर एक वाट आहे. साऱ्या वर्गापुढं उभं राहायचं, ते वाक्य म्हणायचं आणि शेवटचं ब्यां पोरांनी नाही, मी स्वतः ओरडायचं.

घरी जाईपर्यंत देशमुखाचा माणूस वस्तीवर पोचला होता. कुरण बंद. रानात मेंढरं बसवणं बंद. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. आबानं हातातली काठी टाकली नाही, तीच माझ्यावर धरली. मास्तरांनी ठेवली होती तेवढी जागा त्यानं भरून काढली. माय मधे पडली, तिलाही लागली. मारून झाल्यावर आबा बसला आणि रडला. मी नाही रडलो. माझ्यात काहीतरी कोरडं झालं होतं.

मायनं सदरा रिठ्यानं धुतला. काव निघाली नाही. कापडात शिरलेली काव निघत नसते.

सकाळी आबा उठला, वाघर सोडली. "चल," म्हणाला. "शाळंचं झालं. काठी घे."

मी काठी घेतली नाही. तो डाग पडलेला सदरा घातला आणि त्याच्यापुढं पाठ करून उभा राहिलो.

"आबा, काव लागल्यालं जनावर तुमी कळपात परत घेता का?"

आबा वाघरीची दोरी गुंडाळत राहिला.

"सांगा की. घेता का?"

"न्हाई घेत," तो म्हणाला.

"तुमच्या डोळ्यादेखत मला काव लावली. तुमी हसलात. मंग आता मला कसं परत घेता?"

मेंढरं वाघरीतून बाहेर पडत होती. आबा त्यांच्याकडं बघत उभा राहिला. त्यानं मला मारलं नाही. थांब म्हणाला नाही. त्याचीच रीत होती, तो काय म्हणणार. मायनं भाकरी बांधून दिली आणि मी अंबाजोगाईच्या वाटेला लागलो. तेव्हा अंबाजोगाईला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. वाटेत तो मेंढा आठवला. लांडग्यानं नेलं तर नेलं. पण वाघरीजवळ ओरडत फिरणार नव्हतो.

पुढची वर्षं मी सांगत बसत नाही. लोकांच्या ओसरीवर झोपलो, उष्टी काढली, शिव्या खाल्ल्या. आबा मेला तेव्हा निरोप उशिरा आला. शिकलो. मुदर्रिस झालो. खुर्ची मिळाली. तिच्यात काही नसतं, लाकडाची असते.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी तोच प्रश्न विचारतो. कशासाठी आहेस? पोरं घाबरून बापाचं काम सांगतात. मी म्हणतो, ते बापाचं झालं. तुझं सांग. तुझं माहीत नसेल तर नाही म्हण. मग मी उत्तर देत नाही, कामं देतो. एकाला म्हाताऱ्यांची पत्रं वाचायला पाठवतो. एकाला वैद्याकडं बसवतो. एकाला बारक्यांना शिकवायला लावतो. आणि त्यांची तोंडं बघत राहतो. कुठल्या कामात कुणाचं तोंड बदलतं ते बघतो. दुसरी युक्ती मला येत नाही.

असंच एक पोरगं आहे. सहावीत. सालगड्याचं. विचारलं की म्हणायचं, "ठावं न्हाई, गुर्जी." पत्रं वाचताना पेंगलं. वैद्याकडून पळून आलं. मग एकदा नवी विहीर बांधत होते तिथं पाठवलं. अंधार पडला तरी आलं नाही. शेवटी चिखलानं माखलेलं आलं आणि दगडावर दगड कसा बसवतात, आतला गोल वाकडा कसा होऊ देत नाहीत, हे दोन्ही हातांनी मला सांगायला लागलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. बदललं होतं.

त्या आठवड्यात एक घोडं शाळेपुढं थांबलं. देशमुखाचा पोरगा. आता तोच देशमुख, ह्याही गावात त्याची जमीन होती. त्यानं मला ओळखलं नाही. मी त्याचा हात ओळखला. जाड झाला होता, अंगठी होती, बोटं तीच. त्याच्यामागं त्या विहिरीवरच्या पोराचा बाप उभा होता.

"मास्तर, ह्येचं पोरगं सोडा," देशमुख म्हणाला. "माज्या गुरांमागं माणूस न्हाई."

"त्याला विचारलं का?"

"त्येला काय इचारायचं? कशासाठी जन्मलंय ते मला ठावं हाय की." तो मागं वळला. "काय रे? खरं का न्हाई?"

त्या बापानं हात जोडले आणि हसला. दात दिसले. डोळे जमिनीवर होते.

माझ्या पाठीची कातडी ओढली गेली. इतक्या वर्षांनी. मी देशमुखाला सोडलं आणि त्या बापापुढं जाऊन उभा राहिलो.

"हसू नका," मी म्हणालो. "तुमचं पोरगं खिडकीतनं बघतंय."

त्याचं हसू गेलं. हात तसेच जोडलेले राहिले, पण हसू गेलं.

"मास्तर, तुमची बदली करतो," देशमुख म्हणाला. "माळावर टाकतो तुमाला."

"माळावरचाच आहे मी," मी म्हणालो. "कागद हातात येईपर्यंत हे पोरगं वर्गात बसेल. पुढं जाईन तिथं माझ्यासंगं बसेल, बापानं धाडलं तर. तुमच्या गुरांमागं तुमी जा."

तो गेला. बदली होणार हे मला माहीत आहे. आज ना उद्या कागद येईल, मी बोचकं बांधून ठेवलं आहे. ज्या शाळेत टाकतील तिथं पहिल्या दिवशी तोच प्रश्न विचारीन. तिथंही देशमुख असेल, पढवणारा मास्तर असेल, हात जोडून हसणारा बाप असेल. मी कुणाच्या पाया पडणार नाही आणि कुणाला माफ करणार नाही. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराच्या पाठीवर हात पडायचा असेल, तर तो आधी माझ्या पाठीवर पडेल. तिथं जागा आहे. तिथं काव आधीच लागलेली आहे.